पडेल कशी, ते आधी सांगा

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या व्याख्यानमालेतील एका भाषणाचे हे शब्दांकन. भाषणाचा विषय होता, ‘परदेशातील स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचे शिक्षण’. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



इंग्लंडहून परत आल्यापासून लिफ्टमध्ये, जिन्यात, गणपतीच्या आरतीच्या वेळी मला तीन प्रश्न विचारले गेले आहेत. आईवडील विचारतात, खर्च किती येतो? मुलं विचारतात, नोकरी मिळते का? आणि तिसरा प्रश्न आपल्या ए विंगमधल्या एका आजोबांचा. ते म्हणाले, “अगं, बिल्डिंगा इथेही बांधतातच की. मग तिकडे जाऊन वेगळं काय शिकलीस?” मला तिन्हींत हा शेवटचा प्रश्न सगळ्यात चांगला वाटतो. त्याचं उत्तर समाधानकारक नसेल तर पहिल्या दोन प्रश्नांना फारसा अर्थ उरत नाही. म्हणून मी उलट्या क्रमाने येते. आधी शिकले काय, मग नोकरी, मग पैसे.

आधी थोडक्यात, स्ट्रक्चरल म्हणजे काय. सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये रस्ते, पाणी, माती, धरणं, सगळं येतं. त्यातला जो भाग इमारत किंवा पूल उभा कसा राहतो एवढंच बघतो, तो स्ट्रक्चरल. आर्किटेक्ट ठरवतो घर कसं दिसेल, हवा-उजेड कुठून येईल. स्ट्रक्चरल इंजिनिअर ठरवतो की कॉलम किती जाडीचा, बीममध्ये सळया किती आणि कुठे. घर बघायला येणाऱ्या पाहुण्यांना त्याचं काम दिसत नाही. ते प्लॅस्टरच्या आत असतं.

आपल्याकडच्या बी.ई.मध्ये हे सगळं शिकवतात, आणि चांगलं शिकवतात. भारतीय मुलांची आकडेमोड पक्की असते, हे तिथले शिक्षकही मान्य करतात. फरक प्रश्नाच्या रोखात आहे. आपल्या पेपरात प्रश्न असतो, ‘अमुक भारासाठी बीम डिझाईन करा.’ तुम्ही आयएस ४५६ या आपल्या काँक्रीटच्या कोडप्रमाणे गणित सोडवता, शेवटी सळयांची संख्या लिहिता, चौकोन करता, झालं. तिथे पहिल्याच महिन्यात प्रयोगशाळेत एक काँक्रीटचा बीम यंत्राखाली ठेवलेला होता. यंत्र चालू करण्याआधी प्रत्येकाने कागदावर लिहून द्यायचं होतं की हा किती भाराला मोडेल आणि मोडेल कसा. मधोमध वाकून? टोकाशी तिरका चिरून? काँक्रीट आधी चुरडेल की सळई आधी ताणली जाईल? आमचे सर म्हणायचे, उभी राहील हे कोणीही सांगतं, पडेल कशी ते आधी सांगा.

हे ऐकायला अशुभ वाटतं. आपल्याकडे नव्या घराबद्दल असं कोणी बोललं तर आजी लगेच “शुभ बोल” म्हणेल. पण यात मोठं शहाणपण आहे. एक उदाहरण देते. बीममध्ये जितकं लोखंड जास्त तितका तो चांगला, असं आपण सगळे समजतो. घराचं काम चालू असताना कितीतरी जण कॉन्ट्रॅक्टरला सांगतात, “दोन सळया जास्तच टाका हो.” प्रत्यक्षात बीममध्ये लोखंड प्रमाणात असेल, तर भार हाताबाहेर गेल्यावर आधी सळई ताणली जाते. बीम खाली वाकतो, त्याला भेगा पडतात, माणसांना कळतं, बाहेर पडायला वेळ मिळतो. लोखंड प्रमाणाबाहेर घातलं तर सळई ताणलीच जात नाही, वरचं काँक्रीट एकदम चुरडतं आणि काही सूचना न देता बीम जातो. म्हणून जगातले सगळे कोड, आपलाही, बीम पहिल्या प्रकाराने मोडेल असा बनवायला सांगतात. मोडायचंच असेल तर आधी कळवून मोडावं. हे सूत्र मला बी.ई.तही पाठ होतं. पण डोळ्यासमोर दोन बीम दोन तऱ्हांनी मोडलेले पाहिले, त्यातला दुसरा बंदुकीच्या बारासारखा आवाज करून गेला, तेव्हा ते अंगात भिनलं.

कोडचा विषय निघालाच आहे तर मुलांसाठी एक गोष्ट सांगते. तिथे युरोकोड वापरतात. काँक्रीट तेच असतं, पण मोजायची रीत वेगळी. आपण एम-२५ म्हणतो, म्हणजे १५० मिलिमीटरचा घन, २८ दिवसांनी दाबला तर दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन सोसणारा. युरोकोडमध्ये सी २५/३० असं लिहितात. पहिला आकडा सिलिंडरचा, दुसरा घनाचा. सिलिंडर रुंदीच्या दुप्पट उंच असतो, म्हणून तो घनापेक्षा कमी भाराला फुटतो. सूत्रात सिलिंडरचा आकडा घालायचा असतो. आपली मुलं सवयीने घनाचा घालतात आणि इमारत कागदावर आहे त्यापेक्षा मजबूत होऊन बसते. सांगायचा मुद्दा असा, की परदेशात शिकताना अवघड विषय जड जात नाहीत, सोप्या गोष्टी वेगळ्या असतात त्या जड जातात.

मार्कांचंही तसंच. तिथे ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. पहिल्या असाइनमेंटला ६८ मिळाल्याचं मी फोनवर सांगितलं, तर बाबा क्षणभर गप्प झाले आणि म्हणाले, “तब्येत बरी आहे ना?” पालकांनो, तिथले ६८ हे चांगले मार्क असतात. मुलांना धीर द्या. खोलीत फोडणी टाकली की धुराचा अलार्म वाजतो आणि थंडीत दुपारी चारला अंधार पडतो, तेवढ्याने ती आधीच हैराण झालेली असतात. लंडनमध्ये असाल तर महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जरूर जा. १९३२ साली स्थापन झालेलं मंडळ आहे. तिथला मोदक खाल्ल्यावर पुढचे दोन आठवडे बरे जातात.

आता मी तुम्हाला ज्या इमारतीबद्दल सांगणार आहे, ती आपल्यासारखीच एक राहती इमारत होती. पूर्व लंडनमध्ये कॅनिंग टाउन म्हणून भाग आहे. तिथे रोनन पॉइंट नावाची २२ मजली इमारत होती. १९६८ च्या मार्चमध्ये लोक राहायला आले. नवीकोरी घरं, वरून सगळं लंडन दिसायचं. १६ मे १९६८ ला पहाटे पावणेसहाला अठराव्या मजल्यावरच्या एका बाईंनी चहासाठी काडी ओढली. रात्रभर गॅस गळत होता. शेगडीला गॅसची नळी जोडणारा पितळी नट सदोष होता. स्फोट झाला.

स्फोट तसा फार मोठा नव्हता. त्या बाई स्वतः वाचल्या, यावरून कल्पना करा. पण त्या इमारतीला आपल्यासारखे बीम-कॉलम नव्हते. कारखान्यात बनवलेल्या काँक्रीटच्या मोठमोठ्या भिंती आणून एकावर एक रचल्या होत्या आणि त्यांच्यावर स्लॅब टेकवले होते. कोपऱ्यातली भिंत बाहेर फेकली गेली, तसा वरच्या मजल्यांचा आधार गेला. ते खाली आले आणि त्यांच्या माऱ्याने खालचे मजलेही एकामागून एक गेले. इमारतीचा एक अख्खा कोपरा, वरपासून खालपर्यंत, पत्त्यांच्या बंगल्यासारखा आला. चार माणसं गेली. पडलेल्या कोपऱ्यात बैठकीच्या खोल्या होत्या आणि पहाटेची वेळ असल्यामुळे बहुतेक लोक आत झोपले होते, म्हणून चारच.

चौकशी झाली. त्यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट ही, की कोसळण्याचं मुख्य कारण हलगर्जी बांधकाम नव्हतं. तो दोष डिझाईनच्या कल्पनेतच होता आणि त्या वेळच्या नियमांनी तसा प्रश्न विचारलाच नव्हता. ‘इमारतीवर एवढा भार येईल, पेलेल का?’ हे नियम विचारत होते. ‘यातला एक तुकडा गेला तर बाकीच्यांचं काय?’ हे कोणी विचारत नव्हतं. नंतर १९८६ मध्ये इमारत मजल्या-मजल्याने उतरवली, तेव्हा भिंतींच्या सांध्यांतलं कामही नीट नसल्याचं उघडं झालं, ती गोष्ट वेगळी.

ब्रिटनने १९७० मध्ये नियम बदलले. पाच आणि त्याहून जास्त मजल्यांच्या इमारतींना अट आली, की एखादा भाग निकामी झाला तरी नुकसान त्याच्या आसपास थांबलं पाहिजे. अपघात लहान आणि कोसळणं मोठं, असं होता कामा नये. त्यासाठी इमारत आडवी आणि उभी सळयांनी एकमेकांना बांधून ठेवायची. एखादा भाग असा असेल की तो गेला तर फार मोठं नुकसान अटळ आहे, तर तो दर चौरस मीटरला ३४ किलोन्यूटन, म्हणजे साधारण साडेतीन टन एवढा दाब सोसेल असा बनवायचा. हा ३४ चा आकडा आजही तिथल्या विद्यार्थ्याला वापरावा लागतो. तो आला रोनन पॉइंटच्या चौकशीतून. आमच्या पुस्तकातल्या एका आकड्यामागे एक स्वयंपाकघर आहे आणि चार माणसं आहेत, हे मला तिथे कळलं.

आजोबा, तुमच्या प्रश्नाचं हे माझं निम्मं उत्तर.

उरलेलं निम्मं असं. तिथे काही बिघडलं की ते लिहून सगळ्यांपुढे ठेवतात. थेम्स नदीवरचा मिलेनियम ब्रिज तुम्ही सिनेमात पाहिला असेल. पायी चालायचा सुंदर, सडपातळ पूल. १० जून २००० ला उघडला आणि पहिल्याच दिवशी माणसांची गर्दी झाली तसा आडवा डोलायला लागला. पूल किंचित हलला की माणसं तोल सावरायला नकळत एकाच ठेक्यात पाय टाकतात, त्यामुळे पूल आणखी हलतो. दोन दिवसांनी तो बंद केला. डिझाईन करणाऱ्या अरुप कंपनीने माणसं चालवून प्रयोग केले, हादरे शोषणारे डॅम्पर बसवले आणि फेब्रुवारी २००२ मध्ये पूल परत सुरू झाला. महत्त्वाचं म्हणजे जे कळलं ते त्यांनी छापून जगाला दिलं. आज कुठल्याही देशात पादचारी पूल बांधणारा इंजिनिअर ते वाचतो. झाकून ठेवलं असतं तर दुसऱ्या गावातला दुसरा पूल डोलला असता.

याच्याही पुढे जाऊन तिथे २००५ पासून क्रॉस नावाची व्यवस्था आहे. कुठल्याही इंजिनिअरला एखाद्या इमारतीत काही धोक्याचं दिसलं, किंवा थोडक्यात निभावलं असं वाटलं, तर तो कळवतो. त्याचं नाव, कंपनीचं नाव, इमारतीचं नाव सगळं काढून ती हकीकत तज्ज्ञांच्या टिप्पणीसह प्रसिद्ध होते. दोषी कोण हा प्रश्नच तिथे नसतो. पुढच्याने काय बघावं, एवढंच. २०१८ मध्ये केंट परगण्यातल्या एका शाळेचं छप्पर शनिवार-रविवारच्या सुट्टीत कोसळलं. शाळा बंद होती म्हणून कोणाला काही झालं नाही. ते छप्पर जुन्या, सच्छिद्र, हलक्या काँक्रीटच्या फळ्यांचं होतं. पुढच्या वर्षी सगळ्या इंजिनिअरांना त्या फळ्यांबद्दल इशारा गेला. तरी सरकार हललं उशिराच. २०२३ च्या ऑगस्टअखेर, शाळा उघडायच्या तोंडावर, शंभराहून जास्त शाळांना इमारती किंवा वर्ग बंद करायला सांगावं लागलं. म्हणजे तिथेही रामराज्य नाही, हे ध्यानात ठेवा. १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवरच्या आगीत ७२ माणसं गेली, तीही लंडनमध्येच आणि तीही राहत्या इमारतीत.

आता नोकरी. मुलांनो, इथे नीट ऐका.

एम.एससी. एक वर्षाची असते. सप्टेंबर-ऑक्टोबरला सुरू, दोन सत्रं, मग परीक्षा आणि उन्हाळाभर प्रबंध. वर्ष कसं जातं कळत नाही. सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं, आणि मास्टर्सच्या मुलांचा उन्हाळा सुट्टी म्हणून धरत नाहीत, कारण तेव्हा प्रबंध चालू असतो. ‘उन्हाळ्यात पूर्ण वेळ काम करून फी काढीन’ हा हिशेब एजंटने मांडून दिला असेल, तर तो खोडून टाका.

शिक्षण झाल्यावर तिथे थांबून काम करायचा ग्रॅज्युएट व्हिसा आतापर्यंत दोन वर्षांचा होता. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना तो दीड वर्षाचा मिळणार आहे. त्यानंतर राहायचं असेल तर तुम्हाला प्रायोजित करणारी कंपनी लागते. त्याचं लायसन्स प्रत्येक कंपनीकडे नसतं, आणि किमान पगाराची अटही गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे. स्ट्रक्चरलच्या कामाला तिथे मागणी आहे, पण मागणी असणं आणि नवख्या परदेशी मुलाला प्रायोजक मिळणं यात अंतर आहे. हे नियम सारखे बदलतात. अर्ज करताना ब्रिटिश सरकारच्या वेबसाइटवर स्वतः वाचा, कोणाच्या मामेभावाच्या अनुभवावर जाऊ नका. माझ्याही नाही.

कोर्स निवडताना तो जॉइंट बोर्ड ऑफ मॉडरेटर्सने मान्य केलेला आहे का, ते बघा. पुढे इन्स्टिट्यूशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनिअर्सचं चार्टर्ड सभासदत्व घ्यायचं असेल तर ते उपयोगी पडतं. ही १९०८ मध्ये सुरू झालेली संस्था आहे. तिची परीक्षा दिवसभराची आणि भल्याभल्यांना घाम फोडणारी असते. पण ती तिथेच राहून द्यावी लागते असं नाही, आणि ते सभासदत्व जगात बऱ्याच ठिकाणी मानतात.

आणि आता पैसे. लंडनमध्ये चांगल्या विद्यापीठाची फी परदेशी विद्यार्थ्याला साधारण २५ ते ४० हजार पौंड. राहणं-खाणं धरलं की चाळीस-पन्नास लाख रुपये सहज होतात. लंडनबाहेर राहण्याचा खर्च बराच कमी पडतो आणि स्ट्रक्चरल शिकवणारी चांगली विद्यापीठं लंडनबाहेरही आहेत. व्हिसासाठी उरलेली फी आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात दाखवावा लागतो. ऐन वेळी पैसे गोळा करून भागत नाही.

एवढे पैसे येतात कुठून? कर्जातून. साडेसात लाखांच्या पुढे बँका साधारणपणे तारण मागतात. आणि आपल्यासारख्या मध्यमवर्गीय घरात तारण ठेवण्यासारखं असतं काय? हा फ्लॅट. सोसायटीकडून एनओसी जाते, कागद बँकेत जातात आणि मुलगी विमानात बसते. आमच्या घरी असंच झालं. आपल्या दोन्ही विंगमध्ये मिळून आणखी काही घरांत झालं असेल. म्हणजे बघा, आपण ज्या भिंतींत राहतो त्यांच्या भरवशावर मुलं परदेशात जातात. बँकेने त्या भिंतींची किंमत काढली, टायटल तपासलं. त्या भिंती आतून कशा आहेत, हे कोणी विचारलं?

इथेही शिकता येतं, हे मी आवर्जून सांगते. आयआयटी आहेत, मुंबईत व्हीजेटीआय आहे, पुण्यात सीओईपी आहे. गेट देऊन एम.टेक.ला गेलात तर महिन्याला १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते. कर्ज काढायचं ऐवजी पैसे मिळतात. ज्याला इथेच डिझाईनचं काम करायचं आहे, त्याने आधी याचा विचार करावा. बी.ई.नंतर दोन वर्षं साइटवर किंवा कन्सल्टंटकडे काढा, मग ठरवा. साइटवर सळया बांधताना बघितलेल्या मुलाला तिथल्या प्रयोगशाळेत चौपट कळतं. फक्त तिथे राहायला मिळावं म्हणून स्ट्रक्चरल घेणार असाल, तर मी नको म्हणेन. एवढं तारण त्यासाठी लावू नका.

शेवटचा भाग आपल्या इमारतीबद्दल. घाबरवायला सांगत नाही. आपली इमारत रोनन पॉइंटसारखी नाही. आपले कॉलम, बीम, स्लॅब जागेवर एकत्र ओतलेले आहेत, सळया एकातून दुसऱ्यात गेलेल्या आहेत, म्हणजे ते एकमेकांना धरून आहेत. पण हे धरून असणं तोपर्यंतच, जोपर्यंत आपण ते तोडत नाही. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरमध्ये साईसिद्धी ही चार मजली इमारत कोसळून १७ माणसं गेली. तळमजल्यावर नूतनीकरण चालू होतं आणि त्यात खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. म्हणून स्वयंपाकघर मोठं करायला, एसीचा पाइप न्यायला कोणी बीम किंवा कॉलम फोडत असेल, तर तो त्याच्या घरातला खाजगी मामला नाही. तो सगळ्या विंगचा आहे.

तसंच गच्चीचं. घरातली जमीन दर चौरस मीटरला २०० किलो आणि गच्ची साधारण १५० किलो वापराचा भार धरून डिझाईन करतात. बागेसाठी फूटभर जाडीची माती टाकली आणि ती पावसात भिजली, की दर चौरस मीटरला साडेपाचशे किलोच्या पुढे जाते. कुंड्या हव्या तेवढ्या ठेवा, त्याही बीमच्या रेषेत. मातीचा थर नको.

कमिटीला माझ्या दोन विनंत्या आहेत.

पहिली, फाईल. ग्रेनफेलनंतर ब्रिटनने २०२२ मध्ये नवा कायदा केला. त्यात उंच राहत्या इमारतींसाठी एक कल्पना आहे, तिला ते ‘गोल्डन थ्रेड’ म्हणतात, सोनेरी धागा. इमारत कशी बांधली, नंतर काय बदल झाले, कोणती दुरुस्ती कधी झाली, ही सगळी माहिती एकाच जागी, सलग, अद्ययावत. आपल्याकडे २५ वर्षांत पाच सेक्रेटरी झाले आणि कागद पाच कपाटांत आहेत. आर्किटेक्टचा नकाशा सापडेल, पण सळयांचं ड्रॉइंग कोणाकडे आहे? बिल्डरकडे आणि त्या वेळच्या स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे आताच मागू या. आणखी दहा वर्षांनी ती माणसं सापडणार नाहीत. उपविधीप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. हातात ड्रॉइंग असेल तर ऑडिट करणाऱ्याला अंदाजाने बोलावं लागत नाही.

दुसरी, एक वही. आपली छोटीशी ‘क्रॉस’. भेग दिसली, प्लॅस्टर फुगलं, स्लॅबवर गंजाचा तपकिरी डाग आला, तर तारीख टाकून लिहा, फोटो द्या. सळई गंजली की ती फुगते आणि भोवतीचं काँक्रीट फोडते. डाग हा तिचा निरोप असतो. मला माहीत आहे, आपण हे लिहीत नाही. लिकेजचं भांडण वरच्या आणि खालच्या घरात वर्षानुवर्षं चालतं, पण कमिटीकडे लेखी देत नाही, कारण खर्च आपल्यावर येईल. फ्लॅट विकायचा असतो, म्हणून भेगेवर पुट्टी मारून रंग देतो. इमारत धोकादायक ठरली तर बाहेर जावं लागेल, म्हणून कोणी बोलत नाही. ही भीती खोटी नाही. म्हणूनच वहीत लिहिणाऱ्याला कोणी दोष द्यायचा नाही, लगेच बिल फाडायचं नाही, असा ठराव सर्वसाधारण सभेत करू या. भाडेकरूंनाही लिहू द्या. तेही याच स्लॅबखाली झोपतात. बीमसारखंच आहे हे. लोखंड आधी ताणलं गेलं, भेग आधी दिसली, तर माणसाला वेळ मिळतो. वही म्हणजे तेवढा वेळ.

आजोबा, तिकडे जाऊन मी काय शिकले याचं उत्तर एवढंच आहे. हे शिकायला प्रत्येकाने तिकडे जायलाच हवं असं नाही. ज्या मुलांना जायचं आहे, त्यांनी कोर्सची यादी, फीचा तक्ता घेऊन रविवारी सकाळी आमच्या घरी या, आपण एकत्र बसून हिशेब करू. आणि पुढच्या सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर ड्रॉइंगचा आणि वहीचा विषय घ्यावा, एवढी कमिटीला विनंती करते. अनुमोदन आत्ताच हात वर करून दिलंत तरी चालेल.